विसूभाऊंची फरसबंदी

विसूभाऊ गोऱ्यांना प्यायला पाणी द्यायची मला धास्ती वाटायची. अर्धं भांडं पीत आणि उरलेलं अर्धं बसल्या जागी जमिनीवर ओतत. मग गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, ते पाणी कुठे निघालंय ते बघत राहत. "बघू या कुठे जातं," हे त्यांचं पालुपद. मी नुकतंच सारवलेलं असो, दारात रांगोळी असो, घरात पाहुणे बसलेले असोत, त्यांना त्याचं काही नसे. पाण्याचा ओघळ थोडा पुढे सरके, थबके, एखाद्या खळग्यात जाऊन बसे आणि विसूभाऊ मान हलवून म्हणत, "मास्तरीणबाई, तुमचं स्वयंपाकघर देवळाच्या अंगाला कललंय." जसं काही मीच त्याला ढकलून आले होते.

लोणावळ्यात आमची घरं शेजारी शेजारी. माझे यजमान शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. विसूभाऊ रेल्वेत ओव्हरसिअर. खंडाळ्याच्या खाली घाटात उतरणाऱ्या रुळांवर त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. कुठे दरड सैल झालीय, कुठे डोंगरातलं पाणी रुळांखाली शिरतंय, हे बघत ऊनपावसात चालत राहायचं, हीच त्यांची नोकरी. त्यामुळे झालं होतं काय, की सपाट रस्त्यावरसुद्धा ते चढण चढत असल्यासारखे पुढे झुकून चालत. बाजारातून येताना आधी त्यांचं डोकं दिसे आणि पाय मागाहून येत. अंगानं उंच, काटकुळे, डोक्याला रुमाल, आणि कोटाच्या खिशात पाणसळ. दगड समपातळीत बसलाय की नाही हे बघायला गवंडी वापरतात ती लाकडी पट्टी, मध्ये काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा असलेली. दुसरे लोक तपकिरीची डबी बाळगतात तशी हे पाणसळ बाळगत.

बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. चहा उभ्यानं, गप्पा उभ्यानं, वर्तमानपत्र ओटीवर येरझारा घालत. खुर्चीत बसलेच तर ती डुगडुगते म्हणून लगेच उठत आणि पायाखाली घालायला कपची शोधायला बाहेर जात. ती कपची सापडेपर्यंत त्यांना दुसरं काहीतरी दिसे आणि खुर्ची तशीच राही.

एकदा एका मुंजीत आम्ही सगळे जेवायला होतो. भातावर कढी वाढली, ती विसूभाऊंच्या पानावरून त्यांच्याच मांडीकडे यायला लागली. दुसऱ्या कुणीही भाताचं आळं नीट केलं असतं. विसूभाऊ उठून उभे राहिले. भरल्या पंगतीत! समोरच्या रांगेतल्या लोकांची कढी त्यांच्यापासून लांब पळत होती, हे त्यांनी बघितलं, आणि मुंजीच्या यजमानांना समजावून सांगायला लागले, की मांडवातली जमीन विहिरीच्या बाजूला उतरती आहे, तेव्हा आमची रांग उलट्या तोंडानं बसवली की सगळ्यांचीच सोय होईल. यजमान हात जोडून, "विसूभाऊ, आता बसा हो" म्हणत होते. शेवटी बायकांच्या पंगतीतून सरूताईंचा आवाज आला, "अहो, जेवा आता. कढी कुठे जाते ते पोटात गेल्यावर बघा." सगळा मांडव हसला. विसूभाऊ बसले, पण जेवण संपेपर्यंत पानाच्या कडेवर डोळे लावूनच बसले.

सरूताई म्हणजे त्यांच्या मंडळी. ठेंगण्या, गोऱ्या, आणि बोलायला अशा, की त्यांच्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस उगवत नसे आणि मावळतही नसे. मी लग्न होऊन लोणावळ्याला आले ती सोलापूरकडची मुलगी. पाऊस म्हणजे पाच-दहा सरी, एवढीच माझी समजूत. इथला पाऊस बघितला आणि घाबरून गेले. चार महिने भिंतींना गवताच्या झडी बांधलेल्या, दिवसा दिवा लावायचा, कपडे चुलीवर वाळवायचे, मिठाचं पाणी होतंय, लोणच्याला बुरशी येतेय. पहिल्या आषाढात मी कोपऱ्यात बसून रडत होते तेव्हा डोक्यावर पोतं घेऊन सरूताई मागच्या दारानं आल्या आणि म्हणाल्या, "रडतेस काय? ऊठ, सोंगट्या आण." त्यानंतर दर पावसाळ्यात दुपारी त्या यायच्याच. आमच्या दोन घरांच्या मध्ये त्यांचं अंगण होतं. त्यांच्या बाजूच्या दारातून उतरायचं, अंगण ओलांडायचं, की माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा. खरं सांगते, त्या अंगणातून येणारी ती एक बाई नसती, तर मी पहिल्याच वर्षी माहेरी पळून गेले असते.

अंगण तेव्हा मातीचं होतं आणि पावसात त्याचा राडा होई. म्हणून सरूताईंनीच हट्ट धरला, की इथे दगड बसवून घ्या. विसूभाऊंनी कुरवंड्याचा धोंडिबा गवंडी बोलावला. धोंडिबा पावसाळ्यात भाताची शेती करी आणि उन्हाळ्यात गवंडीकाम. काम सुरू झालं आणि नेमकी विसूभाऊंची घाटात बोलावणी सुरू झाली. पावसाआधी तिथली गटारं साफ करून घ्यायची होती. ते धोंडिबाला म्हणाले, "दगड चांगला बसव, हलता कामा नये," आणि गेले. धोंडिबानं जीव ओतून काम केलं. काळे दगड घासून गुळगुळीत केले, सांध्यात चुना भरला, आणि अंगण असं समपातळीत बसवलं, की बघत राहावं. मला बोलावून त्यानं वर घागरभर पाणी ओतलं. पाणी सगळीकडे सारखं पसरलं आणि तिथंच उभं राहिलं. "बगा बाई," तो म्हणाला, "कुटं उंच न्हाई, कुटं खोल न्हाई. लय ब्येस झालं."

त्यात त्याचा काय दोष? आयुष्यभर त्यानं भाताची खाचरं केली होती. खाचरात पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं पाहिजे, नाहीतर एका टोकाचं भात कुजतं आणि दुसऱ्या टोकाचं वाळतं. त्याच्या डोळ्याला तेच सुंदर दिसायचं. मलाही ते सुंदरच दिसलं. घाटातल्या गडबडीत विसूभाऊंना अंगणात पाणी ओतून बघायलासुद्धा सवड झाली नाही, ही त्यांच्या जन्मातली एकच वेळ असेल.

श्रावणापर्यंत त्या उभ्या पाण्याखाली शेवाळ धरलं. घाटात दरड कोसळली म्हणून विसूभाऊ तिकडेच अडकून पडले होते. अळूच्या वड्यांचं ताट घेऊन सरूताई माझ्याकडे यायला निघाल्या. मला ताटाचा आवाज आला, त्यांचा आला नाही. दार उघडून बघते तर त्या अंगणाच्या मध्यावर पडलेल्या, लुगडं पाण्यात, वड्या पाण्यात, आणि तोंडावर पाऊस. मी आणि माझ्या सासूबाईंनी त्यांना कसंबसं उचलून आत नेलं. वडिवळ्याहून हाडवैद्य आला, त्यानं खुबा बसवला, पट्ट्या बांधल्या. हाड सांधलं, पण डावा पाय आखूड राहिला तो राहिलाच.

विसूभाऊ परत आले ते चिखलानं माखलेले. आत आले, खाटेवरच्या बायकोकडे बघितलं, आणि बाजूच्या दारानं बाहेर अंगणात गेले. मी खिडकीतून बघितलं, तर धो धो पावसात उकिडवे बसून नखानं शेवाळ खरवडत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत बायको विव्हळतेय आणि हा गृहस्थ दगड तपासतोय! मी बाहेर जाऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात सरूताई म्हणाल्या, "राहू दे इंदू. बघू दे त्यांना. दुसरं काही करता येत नाही गं त्यांना."

त्यानंतर सरूताई काठी घेऊन चालायला लागल्या. कोरड्या दिवसांत येत माझ्याकडे, काही अडत नसे. पण पावसाळा लागला की अंगणात उतरायला धजत नसत. त्या त्यांच्या खिडकीत, मी माझ्या दारात, आणि मध्ये तो पाऊस. ओरडून ओरडून बोलायचो. कौलांवरच्या आवाजात निम्मं ऐकू येत नसे. सोंगट्यांचा पट मी फडताळात ठेवून दिला. विसूभाऊ म्हणत, "मी हात धरून नेतो ना तुला." त्यावर त्यांचं एकच उत्तर. "मला उचलून न्यायला मी काय गणपती आहे? जाईन तर माझी मी जाईन." बाई बोलकी होती, पण मानी होती. ओल्या अंगणातून एकटीनं शेजारी जाता येत नाही, म्हणजे आपण संपलो, असं तिनं मनाशी धरलं होतं. चार महिन्यांत तिचा चेहरा उतरून जाई आणि दसऱ्याला मला वाटे, ही दुसरीच कुणीतरी बाहेर आलीय.

विसूभाऊ नोकरीतून निवृत्त झाले ते याच सुमाराला. माणसं निवृत्त झाल्यावर पोथ्या वाचतात. यांनी अंगण उकरलं. सगळे दगड काढले, खाली मुरूम घालून चोपून घेतला, आणि या वेळी धोंडिबाच्या बोकांडी बसून काम करून घेतलं. उतार किती द्यायचा तो ते स्वतः सांगत होते. हातभर लांबीला दोन बोटं. धोंडिबा कपाळाला हात लावून म्हणाला, "आवो साहेब, ही घसरगुंडी झाली की!"

"ह्याला तू उतार म्हणतोस?" विसूभाऊ म्हणाले. "ही तर सपाटी आहे. घाटात येऊन बघ."

"घाटात तुमची इंजनं चालत्यात. हितं बाईमानूस चालनार हाय."

पण विसूभाऊंना खरोखरच ते सपाट दिसत होतं. पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला होता, तरी ते म्हणत, "थोडा कललाय, एवढंच." घाटात जन्म घालवलेल्या डोळ्यांना त्याहून कमी उतार दिसतच नव्हता. आधी खाचराच्या डोळ्यानं अंगण झालं, आता घाटाच्या डोळ्यानं. माणसाच्या पायानं कुणी बघितलंच नाही.

पाऊस आला आणि ते पाणी जे सुटलं ते थेट माझ्या स्वयंपाकघरात. उंबऱ्यावरून उडी मारून आत. चूल विझली, पीठ भिजलं, पाटा-वरवंट्यापाशी तळं झालं. मी लुगडं खोचून केरसुणीनं पाणी बाहेर ढकलतेय, तेवढ्यात डोक्यावर इरलं घेतलेले विसूभाऊ दारात हजर. मला वाटलं, माफी मागायला आले. ते माझ्या घोटाभर पाण्याकडे बघून म्हणाले, "काय वेगानं आलं हो, मास्तरीणबाई! जरासुद्धा थांबलं नाही कुठे!" त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. मी चुलीतलं विझलेलं लाकूड उचललं. आजवर मोठ्या माणसाला मी कधी उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी ती सगळी कसर भरून काढली. सासूबाईसुद्धा मला आवरायला आल्या नाहीत. विसूभाऊ ऐकत उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "पण तिचं काय? ती तरी उतरेल ना आता?" त्यावर माझा राग जो गेला तो गेलाच. काय बोलायचं अशा माणसाला?

सरूताई उतरल्या नाहीत. पायरीवरून त्यांनी काठी खाली टेकवली, तर ती ओल्या दगडावरून सटकन पुढे गेली. दाराची चौकट हाताशी होती म्हणून वाचल्या. त्यांनी दार लावून घेतलं. आतून त्यांचं रडणं ऐकू आलं, आणि विसूभाऊ बाहेर पावसात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिले. त्या पावसाळ्यात मी त्यांना घरात बघितलंच नाही. कुणाच्याही घराच्या पागोळ्यांखाली उभे. देवळात गेले तर देवाकडे पाठ आणि अभिषेकाचं पाणी बाहेर जातं त्या तोटीकडे तोंड. एका बंगल्याच्या आवारात शिरून फरशी बघत होते म्हणून तिथल्या माळ्यानं हाकलून दिलं. जेवायला बोलवायचं म्हणजे सरूताई मला खिडकीतून विचारत, "इंदू, कुठे दिसतायत का गं?"

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उकराउकरी. धोंडिबा लांबूनच हात जोडायला लागला होता. "साहेब, दगडं बी कटाळली आता," तो म्हणाला. पण आला. या वेळी उतार तीन हातांना एकच बोट. विसूभाऊंनी डोळे मिटून पाणसळीवर भरवसा ठेवला. उताराची दिशाही फिरवली, म्हणजे पाणी माझ्याकडे न येता रस्त्याच्या बाजूकडून मागच्या ओढ्याकडे आडवं जाईल. दगडांना टाकी मारून ते खरबरीत करून घेतले. जोत्यालगत पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे दगडाची पन्हळ कोरून घेतली. पाऊस आला. पाणी थांबलं नाही, शेवाळ धरलं नाही, माझी चूल कोरडी राहिली. आम्ही सगळे सरूताईंच्या दाराकडे डोळे लावून बसलो. त्या पायरीपर्यंत आल्या, पाय खाली ठेवला, तसाच क्षणभर ठेवून मागे घेतला. "नाही हो," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षी त्यांचा खोकलाही वाढला. ओलीनं खुबा ठणके. खिडकीतलं आमचं ओरडणंही कमी झालं, कारण त्यांना धाप लागायची.

कार्तिकात अंगण वाळलं तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. मी सहज विचारलं, की आता तर सगळं नीट झालंय, मग पावसात काय झालं? त्या जरा विचार करून म्हणाल्या, "तुझ्याकडून परत जाताना पाय कसा बरोबर पडतो बघ. भीती वाटत नाही. पण येताना डावा पाय जमीन शोधत राहतो. खाली खाली जातो. कोरड्यात चालून जातं. ओल्यात जीव घाबरा होतो."

विसूभाऊ नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी हातातलं भांडं खाली टाकलं. "पुन्हा सांग," म्हणाले. मग त्यांनी बिचाऱ्या सरूताईंना अंगणातून जायला लावलं, यायला लावलं, पुन्हा जायला लावलं, आणि स्वतः मागून रांगत त्यांच्या टाचा बघत होते. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. माझ्याकडे येताना सरूताईंचा आखूड पाय उताराच्या खालच्या अंगाला पडत होता, आणि परत जाताना तोच वरच्या अंगाला. वरच्या अंगाला पडला की दोन्ही पाय जवळजवळ सारखे होत. "एवढंच होतं होय!" विसूभाऊ रांगतारांगताच ओरडले. "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही पाण्याला विचारत होता," सरूताई म्हणाल्या. "मला कुठे विचारलंत?"

मग ठरलं ते असं, की त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत अंगणाला मधोमध पाठ काढायची, बैलाच्या पाठीसारखी, आणि दोन्ही अंगांना हलका उतार द्यायचा. पाणी निम्मं रस्त्याच्या गटारात, निम्मं मागच्या ओढ्यात, कुणाच्याच घरात नाही. आणि सरूताईंनी येताना आणि जाताना ती पाठ डाव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे आखूड पाय दोन्ही वेळा वरच्या अंगाला. धोंडिबानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि पहिल्यांदाच वाद न घालता म्हणाला, "ह्ये जमल बगा."

माघात काम सुरू झालं. आणि त्याच दिवसांत सरूताईंना बघायला पुण्याहून डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली आणि विसूभाऊंना बाहेर बोलावून सांगितलं, की आणखी एक पावसाळा या हवेत काढला तर त्यांना हा खोकला सोसायचा नाही. पावसाआधी त्यांना इथून हलवा. सरूताईंचा मुलगा सोलापूरला गिरणीत नोकरीला होता. माझ्या माहेरची ती कोरडी खडखडीत हवा! त्यानं हट्टच धरला, की दोघांनी कायमचं तिकडेच यायचं. विसूभाऊ हो म्हणाले. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

मला वाटलं, अंगणाचं काम आता थांबेल. उलट ते दुप्पट वेगानं सुरू झालं. ते भर उन्हात डोक्याला ओला पंचा गुंडाळून उभे, हातात दोरी, खिशात पाणसळ. एक दगड हलता बसला की उकर, पुन्हा बसव. मी म्हटलं, "भाऊ, आता कुणासाठी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पाऊस लवकरसुद्धा येतो कधी कधी," म्हणाले. वैशाख संपला, अंगण झालं, चुना वाळला. आभाळ रोज भरून येई आणि रोज रिकामं निघून जाई. विसूभाऊ पहाटेपासून नागफणीच्या सुळक्याकडे बघत. एक सर, एकच सर. ती काही आली नाही. निघायचा दिवस आला.

दारात टांगा उभा. वळकट्या, ट्रंका चढवलेल्या. धोंडिबा कुरवंड्याहून करवंदांची पाटी घेऊन आला होता. सरूताई जाण्यासाठी नेसून, काठी घेऊन ओटीवर बसलेल्या. गाडीच्या वेळेच्या तासभर आधी स्टेशनात पोचणारे विसूभाऊ कुठे दिसेनात. आणि मागून रहाटाचा आवाज यायला लागला. बघतो तर दोन्ही हातांत बादल्या घेऊन ते विहिरीकडून धावत येत होते. अंगणात ओतल्या, पुन्हा धावले. धोंडिबाला आधी समजलं. "आवो साहेब, द्या हिकडं," म्हणत त्यानं एक बादली हिसकावली. मग मीही धावले. घरातली पिंपं उपसली. शेवटी सासूबाई ओरडत असताना त्यांच्या सोवळ्याचा हंडा उचलला आणि तोही अंगणात उपडा केला. दगड काळेभोर झाले. पाणी मधल्या पाठीवरून दोन्ही अंगांना निघालं, आणि कुठे म्हणून थांबलं नाही. टांगेवाला बाहेरून हाका मारत होता.

"चल," विसूभाऊ धापा टाकत सरूताईंना म्हणाले. त्यांचा कोट चिंब भिजला होता.

सरूताई बाजूच्या दाराशी आल्या. त्यांनी काठी खाली टेकली. ती सरकली नाही. मग डावा पाय, मग उजवा. पाठ डाव्या हाताला ठेवून, कुणाकडे न बघता, त्या ओल्या अंगणातून एकट्या चालत आल्या. विसूभाऊंना ते बघवेना, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. सरूताईंनी माझा उंबरा ओलांडला आणि मी त्यांना घट्ट मिठी मारली. मला रडू आवरेना. त्यांनी मला बाजूला सारलं, पावसातून आल्यासारखे पदरानं केस टिपले, आणि चौरंगावर बसून म्हणाल्या, "इंदू, चहा टाक. आणि सोंगट्या कुठे ठेवल्यास?"

"ताई, गाडी..."

"अगं, चल लवकर!" बाहेरून विसूभाऊ ओरडले. "सिग्नल पडायची वेळ झाली!"

सरूताईंनी दाराकडे मान वळवली. बाहेर लख्ख ऊन होतं. "अहो, एवढ्या पावसात कशी निघू?" त्या म्हणाल्या. "थांबला की येते."

विसूभाऊ माझ्या दारात रिकामी बादली घेऊन उभे राहिले. त्यांनी अंगणाकडे बघितलं. पाणी इतकं छान निघून गेलं होतं, की मधली पाठ वाळायलासुद्धा लागली होती. ते एकदा रस्त्याकडे गेले. टांगेवाल्याला "सामान उतरव, पाऊस पडतोय" असं सांगितलं, आणि बादली घेऊन पुन्हा विहिरीकडे निघाले.